हैबतमामाचा उजवा डोळा

“डावा डोळा झाका, मामा. तळहातानं. बोटांच्या फटीतून बघायचं नाही, मला सगळ्यांच्या युक्त्या ठाऊक आहेत.”

हैबतमामा हसला. स्टुलावर ताठ बसला, खाकी सदऱ्याचं वरचं बटण उगीचच लावलं आणि डावा डोळा झाकला. मग मी भिंतीवरच्या पेटीतला दिवा लावला. दिवा लागेपर्यंत त्या पेटीत काय आहे ते कुणाला दिसत नसे. मामानं घसा खाकरला आणि वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या बारीक ओळीपर्यंत सगळा तक्ता एका दमात म्हणून दाखवला. अडखळणं नाही, डोळे बारीक करणं नाही. आरती म्हणावी तसं खडाखडा.

एक अक्षर चुकलं नाही. पण तो तक्ता त्या पेटीत नव्हताच. जुना पिवळा पडला होता, कोपऱ्याला वाळवी लागली होती, म्हणून आदल्या आठवड्यात मी तो काढून नवा लावला होता. नव्या तक्त्यावर सगळ्यात वर, पंज्याएवढा मोठा ‘र’ होता. मामा म्हणाला होता ‘ग’.

मी तिथंच उभी राहिले. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी डोळे तपासायची. लोक मला चष्म्याच्या बाई म्हणत, आणि मला ते आवडायचं. ड्रायव्हर लोकांची नजर ठरावीक मुदतीनं तपासायची असे. मी शेरा लिहायचा आणि त्याखाली मोठे डॉक्टर सही करायचे, तीही डोळे मिटून, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायची. काही ड्रायव्हर तो जुना तक्ता पाठ करून यायचे हे मला माहीत होतं. मला त्याचं हसू यायचं, कारण त्यांना तो दिसतही असायचा. नीट दिसत असूनही पाठ करायचा, परीक्षेची भीती म्हणून. न दिसता म्हणून दाखवणारा मी तोवर पाहिला नव्हता, आणि पाहिला तो नेमका आमचा मामा.

“आता उजवा झाका,” मी म्हणाले.

मामानं हात बदलला. डावा डोळा उघडला. तोंड ‘ग’ म्हणायला उघडलं आणि तसंच राहिलं. तो तक्त्याकडं बघत होता. बाहेर कंपाउंडर नावं पुकारत होता, कुणाचं तरी पोर रडत होतं. बऱ्याच वेळानं मामा हळू आवाजात म्हणाला, “र.” मग पुढची ओळ, त्याच्या पुढची, एकेक अक्षर बघून, नवखं पोर वाचतं तसं. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत आला आणि थांबला. डावा डोळा त्याच्या वयाला छानच होता.

बॅटरीचं भिंग लावून मी उजवा डोळा आतून पाहिला, मोठ्या डॉक्टरांना बोलावून त्यांनाही दाखवला. काचबिंदू. आतली नस पांढरीफटक पडली होती. डावा औषधाच्या थेंबांनी राखता येईल, उजवा गेला तो गेला, असं त्यांनी सांगितलं आणि ते पुढच्या रोग्याकडं वळले. त्यांच्या लेखी तो एक डोळा होता.

मामानं टोपी घातली. दारात जाऊन मागं वळला.

“दुपारी जेवायला हाय मी तुज्याकडं. आक्कानं निरोप धाडलाय.”

“या की. आई सकाळपासून चुलीशी आहे.”

“कागद?”

“कागदाचं दुपारी बोलू,” मी म्हणाले.

हैबत खरात हा माझ्या आईचा सख्खा भाऊ नव्हे. आमच्या खडकेवाडीला जी मुक्कामी गाडी यायची, त्या गाडीचा तो ड्रायव्हर. संध्याकाळी तालुक्याहून निघायची, घाट चढून दिवेलागणीला वाडीत यायची, रात्री देवळापुढं उभी राहायची आणि पहाटे परत निघायची. गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारी तेवढी एकच वस्तू. माझे वडील मी सातवीत असताना गेले. आईच्या भावांनी पाठ फिरवली, कारण विधवा बहीण म्हणजे गळ्यात घोंगडं. आठवीची शाळा तालुक्याला. आमचं घर वरच्या आळीला, पार टेकाडावर. मी भाकरी थापून, पाणी भरून, दप्तर घेऊन पळत सुटायची तोवर गाडीची वेळ झालेली असायची. मामा दोनदा हॉर्न द्यायचा आणि थांबायचा. लोक कुरकुरायचे. तो म्हणायचा, “इंजिन तापाया नको व्हय?” उन्हाळ्यातसुद्धा त्याचं इंजिन तापायला वेळ लागायचा.

एका दिवाळीत भाऊबीजेला त्याचा मुक्काम वाडीत पडला. घरी जाता येईना म्हणून देवळाच्या पायरीवर तोंड पाडून बसला होता. आईनं त्याला वर बोलावलं, पाटावर बसवलं आणि ओवाळलं. त्यानं खिशात हात घालून काढला तो नुसता रुमाल निघाला. तोच ताटात टाकला. तेव्हापासून तो मामा. पुढं मला नोकरी लागली, सरकारी क्वार्टर मिळालं, आईला मी तालुक्याला आणलं, पण भाऊबीज कधी चुकली नाही. एक वर्ष मी विसरेन, आई विसरायची नाही.

तर अशा माणसाचा कागद माझ्या टेबलावर कोरा पडला होता.

दुपारी घरी गेले तर मामा आधीच पाटावर बसलेला. अख्ख्या मसुराची आमटी, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, सगळं त्याच्या आवडीचं. आईचं तोंड सुरू होतं. माझ्या भावाला लई वेळ बसवून ठेवलंस म्हणं, घारीवानी नजर हाय त्याची, घाटात अंधारात ससा आडवा गेला तरी ओळखतो, तू काय त्याला तपासणार. मामा खाली मान घालून भाकरी मोडत होता. आईनं त्याच्या उजव्या बाजूनं आमटीची पळी पुढं केली. तो वाटी पुढं करीना. “अरं, घे की,” आई म्हणाली, तेव्हा त्यानं मान वळवली. आईच्या ते ध्यानात आलं नाही, माझ्या आलं.

“मग? झालं न्हवं काम?” आईनं विचारलं.

“तिला इचार,” मामा म्हणाला.

मी पाणी प्यायले. “नाही, आई. मामांना आता गाडी चालवता यायची नाही. उजवा डोळा गेलाय त्यांचा.”

आई हसली. मी थट्टा करतेय असं तिला वाटलं. आम्ही मामाची नेहमी करायचो. मग तिनं त्याच्याकडं बघितलं. तो नाही म्हणेना. आईनं पळी पातेल्यात ठेवली.

“दुसरा हाय न्हवं धड?” ती म्हणाली. “एका डोळ्याची माणसं काय जगत न्हाईत?”

मी तिला सांगत बसले. एका डोळ्यानं शेत होतं, बाजार होतो, सगळं होतं. पण ड्रायव्हर उजव्या अंगाला बसतो आणि समोरून येणारं सगळं त्याच्या उजवीकडूनच येतं. वाघजाईच्या घाटात तर एका अंगाला कडा आणि एका अंगाला दरी. गाडीत कोंबून भरलेली माणसं. आणि मामाची नोकरी काही जाणार नाही, डेपोत दुसरं काम देतील. तेवढ्यावर आई उसळली. दुसरं काम म्हणजे काय, गाड्या धुवायच्या? ज्यानं जन्मभर गाडी हाकली त्यानं आता टायरं पुसायची आणि कालची पोरं त्याच्यापुढनं गाड्या काढणार? मग ती माझ्याकडं वळली, आवाज एकदम खाली आणून.

“शालन, त्या कागदावर लिवणार कोण? तूच न्हवं?”

“मीच.”

“तुला लिवाया शिकिवलं कुणी? ह्यो थांबला म्हणून शिकलीस. ह्यानं हॉर्न दिला नसता तर आज वाडीत शेणी थापत बसली असतीस.”

खरं होतं. ह्यातला एक शब्द खोटा असता तर मी भांडले असते. भांडायला मी कुणाला हार जात नाही. पण माझ्या चष्म्यापासून त्या क्वार्टरच्या किल्लीपर्यंत सगळं त्या दोन हॉर्नवर आलं होतं. मला आईचा राग आला नाही. माझ्या नोकरीचाच राग आला. चांगली पोस्टात लागले असते, कुणाचे डोळे बघायची वेळ आली नसती.

मामा म्हणाला, “आक्का, पोरीला जेवू दे.”

“तिला जेवाया मी नगं म्हटलंय व्हय?” आई म्हणाली. मग पुन्हा बोलली तेव्हा आवाजातली सगळी धार गेलेली होती. “बरं, ऱ्हाऊ दे. नगं करू पास. पर आजची मुक्कामी गाडी तेवढी त्याला न्हेऊ दे. सकाळी घिऊन यील, मग दे तुजा कागद. उद्याची तारीख घाल. येवढी वर्सं ज्या गावात भाकरी खाल्ली, त्या गावाला येकदा गाडी घिऊन तर जाऊ दे.”

त्या जेवणात मामानं पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी आजही विसरलेले नाही. लहान पोराला जत्रेला नेणार का नाही ते अजून ठरायचं असतं तेव्हा ते जसं बघतं, तसा तो माझ्याकडं बघत होता.

मला हो म्हणायचं होतं. अगदी मनापासून हो म्हणायचं होतं, लपवत नाही. काय होणार होतं एका रात्रीत? तो रस्ता त्याच्या पायांना पाठ होता. इतकी वर्षं एक ओरखडा नाही. कालही त्यानंच गाडी नेली होती, परवाही त्यानंच. मी तपासलं नसतं तर आजही नेलीच असती. आणि तारखेचं काय, ती मी आजची घातली काय, उद्याची घातली काय, मोठे डॉक्टर बघणारसुद्धा नव्हते. कुणाला कळलं नसतं. पण काल गाडी गेली तेव्हा मला माहीत नव्हतं. आज माहीत होतं. त्या गाडीत बसणाऱ्या एकालाही माहीत नव्हतं, आणि त्यांना ते माहीत करून घ्यावं लागू नये म्हणूनच मला त्या खुर्चीवर बसवलं होतं.

“मामा, मी तुम्हाला आज तपासलंय,” मी म्हणाले. “कागदावर आजचीच तारीख पडेल.”

आई उठली आणि आतल्या खोलीत गेली. तिचं ताट तसंच राहिलं. मामानं भाकरीचा शेवटचा तुकडा वाटीत फिरवून खाल्ला, कारण ताटात टाकणं त्याला कधी जमलं नाही. मग मोरीवर जाऊन हात धुतले, टॉवेलाला पुसले आणि दाराच्या उंबऱ्यावर बसला. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. बसल्यावर कळलं की मी उजव्या बाजूला बसलेय. उठून डावीकडं गेले.

“बरं झालं न्हाई म्हणालीस,” मामा म्हणाला. “तू व्हय म्हणाली असतीस तर मी न्हेली असती गाडी.”

मला रडू फुटलं. त्यानं ते बघितलं नाही असं दाखवलं आणि समोरच्या बाभळीकडं बघत सांगू लागला. वरच्या आळीला, आमच्या घराच्या पलीकडं, भिकोबाची पमी आहे. दहावीला. हुशार आहे, तुज्यावानीच उशिरा येती. गेल्या पंधरवड्यात तिचा कसलासा पेपर होता. त्या दिवशी ती पायवाटेनं न येता ओढ्याकडनं आली आणि रस्त्याच्या उजव्या अंगाला उभी राहून हात करत होती. मामानं हॉर्न दिला, वाट बघितली, डावीकडच्या पायवाटेवर कुणी दिसेना, तेव्हा गाडी काढली. तिच्या अंगावरून गाडी गेली म्हणावी इतक्या जवळून. मुलाणी कंडक्टरनं मागनं बेल मारली, पण ती मामाला उताराच्या घरघरीत ऐकू आली नाही. घाट उतरल्यावर मुलाणी म्हणाला, हैबतराव, पोरगी केवढी वरडत होती, थांबला का न्हाईत? मामानं सांगितलं, उशीर झालता.

“खोटं बोललो,” मामा म्हणाला. “जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी टाकून आलो आणि वर खोटं बोललो. मला ती दिसलीच न्हाई, शालन. बाजूला हुती म्हणून बरं. पुढ्यात आस्ती तर?”

मी विचारलं, मग माझ्याकडं कशाला आलात? आणि आलात ते तक्ता पाठ करून?

तो हाताची नखं बघत बसला.

“दुसऱ्या कुनाकडं गेलो असतो तर पास झालो असतो,” तो म्हणाला. “म्हणून तुज्याकडं आलो. आन् आल्यावर भ्यालो, म्हणून तक्ता म्हटला. माणसाचं मन काय येक आसतंय व्हय?”

दवाखान्यात जाऊन मी शेरा लिहिला. डॉक्टरांनी सही केली. कागद मामानं स्वतःच डेपोत नेऊन दिला. दुसऱ्या कुणी नेलेला त्याला चालणार नव्हता. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले तर आई पिशवी भरत होती. लुगडं, पानाची चंची, उरलेल्या भाकऱ्या. मी विचारलं, कुठं? ती पिशवी भरतच राहिली. मीही माझे दोन कपडे त्याच पिशवीत कोंबले.

संध्याकाळी मुक्कामी गाडीला एक तरणा ड्रायव्हर होता. मिशी नुकती राखलेला, घाटाला मनातून घाबरलेला. मामा पुढच्या बाकावर बसला, आयुष्यात पहिल्यांदा उतारू म्हणून. खाकी कपडे काढून धोतर नेसला होता, त्यामुळं गाडीत चढणाऱ्या निम्म्या लोकांनी त्याला ओळखलंच नाही. मुलाणी तिकिटं फाडत त्याच्यापाशी आला आणि तसाच पुढं गेला. जाताना त्यानं मामाच्या खांद्यावर हात ठेवला, तेवढंच. आई आणि मी मागच्या बाकावर. आई माझ्याशी दुपारपासून एक अक्षर बोलली नव्हती. घाटातल्या प्रत्येक वळणावर मामाचा उजवा पाय गाडीच्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता. गाडी वर पोचली तेव्हा तो घामानं भिजला होता.

वाडीत कळायला वेळ लागला नाही. देवळापुढं माणसं गोळा झाली. त्या रात्री मामाला जेवायला सात-आठ घरांतून बोलावणं आलं आणि कुणालाच तो नाही म्हणू शकला नाही. प्रत्येक घरी चतकोर खाऊन आला. भिकोबाच्या घरी जरा जास्त वेळ बसला होता म्हणे. काय बोलला ते मी विचारलं नाही.

पहाटे गाडी सुरू झाली. धुकं होतं. आम्ही आदल्या दिवशीच्याच जागांवर बसलो. तरण्या ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं आणि गिअर टाकायला हात घातला.

“थांब,” मामा म्हणाला. “वरच्या आळीची पोरगी यायची हाय. दोनदा हॉर्न दे.”

“वेळ झाली, काका.”

“इंजिन तापाया नको व्हय?”

पोरानं मागं मुलाणीकडं बघितलं. मुलाणीनं मान हलवली. मग त्यानं हॉर्न दिला, दोनदा. मी तो हॉर्न किती वर्षांनी ऐकत होते, आणि तोही गाडीच्या आतून, पण माझे पाय पळायला लागल्यागत झाले. मामा डावीकडच्या पायवाटेकडं बघत होता. मग सगळी मान, सगळं अंग फिरवून तो उजवीकडं बघू लागला, ओढ्याच्या बाजूला. खिडकीत माणसं होती, धुकं होतं, त्याला काही दिसेना. तो पुन्हा डावीकडं वळला, पुन्हा उजवीकडं.

आई माझ्याशेजारून उठली. लोकांचे पाय तुडवत पुढं गेली, मामाच्या उजव्या अंगाला बसलेल्या बुवाला “जरा तिकडं सरा” म्हणाली आणि त्याच्या जागी बसली. पदरानं खिडकीची काच पुसली.

त्या दिवसाबद्दल आईनं मला पुढं कधी शाबासकी दिली नाही, आणि बोलही लावला नाही. भाऊबीजा होत राहिल्या. मामानं डेपोत टायरं पुसली, पुढं रीतसर निवृत्त झाला. डावा डोळा त्याला शेवटपर्यंत पुरला. पण ह्या सगळ्याआधी, त्या पहाटे, आईनं आदल्या दुपारपासूनचं मौन सोडलं ते असं.

“आली,” ती काचेला नाक लावून मामाला म्हणाली. “ओढ्याकडनं येतीया. दप्तर हाय, चप्पल हातात घेतलीया. तू बस निवांत, मी बघती.”